कापलेले कोपरे

३ फेब्रुवारी, सोमवार

पहिलं पोतं आलं — आणि एकाही कापडाला धड चार कोपरे नाहीत!

सासूबाईंना जाऊन दहा महिने झाले. त्यांचं कापडाचं कपाट आजवर कुणी उघडलं नव्हतं. चादरी, अभ्रे, टेबलक्लॉथ, पलंगपोस, नॅपकिन — तळमजल्यावरच्या तीन खोल्या त्या भाड्याने द्यायच्या, म्हणून घरात कापड हे एवढं. मागच्या आठवड्यात आम्ही दोघी जावांनी ठरवलं, टाकायचं काही नाही. दोन गोधड्या करायच्या. एक त्यांची, एक माझी. कपाट इथे, मशीन इथे, तेव्हा दुपारच्या त्या येणार. त्यांचं घर दोन गल्ल्या पलीकडे.

त्या दिवशी वरचा खण मी उपसते म्हणाल्या आणि मला चहा टाकायला पाठवलं. येऊन बघते तर पोतं गच्च भरलेलं. "एवढे घरून धुऊन आणते." आज आणले. धुतलेले, वाळलेले, घड्या घातलेले — आणि प्रत्येकाचा एक कोपरा तिरका उडवलेला.

विचारलं. म्हणाल्या, कोपरे झिजलेले असतात, गोधडीत टिकत नाहीत.

चौतीस वर्षं मी या घरात चादरी घातल्यात. चादर मधे विरते, माणूस झोपतो तिथे. कोपरा शेवटपर्यंत शाबूत राहतो. सासूबाई तर विरलेली चादर मधोमध उभी फाडायच्या, दोन्ही कडा आत आणून शिवायच्या आणि आणखी चार वर्षं चालवायच्या. हे जाऊबाईंना माहीत आहे. मला माहीत आहे, हेही त्यांना माहीत आहे.

कुठेतरी पाणी मुरतंय.

५ फेब्रुवारी, बुधवार

आज माझ्यासमोर कापले. कापड हातात घेतलं की आधी चारी कोपऱ्यांची दुमड अंगठ्याने चाचपतात. एका कोपऱ्याशी थांबतात. कात्री — कच्. आणि तुकडा टोपलीत नाही टाकत, स्वतःच्या पर्समध्ये टाकतात!

"कशाला हो?"

"टाचण्या खोचायला उशी भरीन म्हणते."

एवढ्या कोपऱ्यांत उशी कसली, गादी भरेल. पण तोंडावर इतका साळसूद भाव की पुढे बोलवेना.

काही कापडं मात्र त्या चाचपतात आणि तशीच बाजूला ठेवतात. ती रोजच्या वापरातली, जाडीभरडी. कोपरा उडतो तो चांगल्या कापडाचाच.

६ फेब्रुवारी, गुरुवार

आज चार. मोजले.

९ फेब्रुवारी, रविवार

ह्यांना सांगितलं. पेपर खाली न घेता म्हणाले, "कोपऱ्यावरून भांडणार आता तुम्ही? आईचं कपाट रिकामं होतंय ना, बास."

ह्यांना काय कळणार. ह्यांची आई होती ती. माझी सासू होती.

इथे लिहायला कुणाची भीती नाही, तर लिहून टाकते. चौतीस वर्षांत एकदाही त्या मला "छान केलंस" म्हणाल्या नाहीत. वाईटही बोलल्या नाहीत फारसं. नुसतं बघायच्या. ताटाकडे, पलंगाकडे, मग माझ्याकडे. खोल्या झाडणं-पुसणं, अंथरुणं बदलणं, इस्त्री, स्वयंपाक हे माझ्याकडे. कापडाचं कपाट आणि लॉन्ड्रीची यादी जाऊबाईंकडे, त्या वेगळ्या राहायला गेल्यावरसुद्धा. इस्त्री जाऊबाईही करायच्या, पण कपाटाची किल्ली मात्र जाऊबाईंच्याच कमरेला. दर सोमवारी सासू आणि थोरली सून कपाटाशी उभ्या राहून हलक्या आवाजात काय बोलत असायच्या कोण जाणे. मी आले की गप्प.

शेवटच्या आजारपणात मी सगळं केलं. सगळं म्हणजे सगळं. वाटायचं, आता तरी म्हणतील. बोलायच्या ते उशी नीट कर, एवढंच. आणि गेल्या.

मला फक्त एवढंच हवं होतं. अजूनही हवंय. साठीला आलेल्या बाईने असं म्हणू नये, पण हवंय.

१२ फेब्रुवारी, बुधवार

सापडलं!

जाऊबाईंना यायला उशीर झाला. मी खालच्या खणातला मोठा टेबलक्लॉथ काढला आणि त्यांच्यासारखाच अंगठा फिरवला. तिसऱ्या कोपऱ्याशी दुमडीत काहीतरी लागलं. उलटून बघितलं. आतल्या बाजूला तीन टाके, शेजारी शेजारी, तांदळाच्या दाण्याएवढे. निळ्या दोऱ्याचे.

अंथरुणं बदलताना हे टाके कितीदा नजरेला पडले असतील! लॉन्ड्रीची खूण समजायची मी. पण लॉन्ड्रीचा नंबर काळ्या शाईचा, तो दुसऱ्या कडेला वेगळा आहे.

निळा दोरा. सासूबाईंनी खोल्यांच्या किल्ल्यांचे दोन जुडगे केले होते. लाल दोऱ्याचा जाऊबाईंचा, निळ्या दोऱ्याचा माझा. पुढे टॉवेलसुद्धा तसेच आणले — त्यांना लाल काठ, मला निळा. या घरात निळा म्हणजे मी. हे सगळ्यांना ठाऊक आहे.

जाऊबाईंची चाहूल लागली. टेबलक्लॉथ गादीखाली सारला.

१३ फेब्रुवारी, गुरुवार

आज सकाळीच कपाट उघडून बसले. अठरा कापडं बघितली. अकरांवर निळे टाके. सातांवर काहीच नाही, ती साधी, रोजची. लाल? एकही नाही!

आणि निळे टाके कशावर? पांढऱ्यावर पांढरं भरतकाम केलेला पलंगपोस. पाहुण्यांसाठीच काढायचे ते तलम अभ्रे. उत्तम ते सगळं. पलंगपोसावर इस्त्रीचा पुसटसा पिवळा डाग आहे, अभ्र्याला एक रफू आहे — पण इतक्या जुन्या कापडावर डाग नसला तरच नवल.

म्हणजे त्यांनी वाटणी करून ठेवली होती. बोलल्या नाहीत, बोलायचा स्वभावच नव्हता. सुई घेऊन बसल्या आणि एकेका चांगल्या कापडावर माझी खूण घालत गेल्या. हे धाकटीला. हेही धाकटीला.

आणि जाऊबाईंना हे ठाऊक होतं! लॉन्ड्रीच्या गठ्ठ्याच्या निमित्ताने सगळं त्यांच्या हातून जायचं. म्हणून खुणा कापतायत. खूण गेली की सगळं सारखं, मग अर्धी गोधडी त्यांची.

कपाटासमोर फरशीवर बसून रडले. रागाने थोडं. बाकी आनंदाने.

१४ फेब्रुवारी, शुक्रवार

टेबलक्लॉथ आणि एक अभ्रा माझ्या कपड्यांच्या ट्रंकेत लपवला. कुलूप लावलं. माझ्याच घरात!

१७ फेब्रुवारी, सोमवार

जाऊबाई कापडं खालीवर करत होत्या. "एक टेबलक्लॉथ होता ना गं इथे?"

"असेल."

"अगं, मोठा. किनारवाला."

"बघते." मी मूग गिळून मशीनवर बसले. त्यांचा चेहरा उतरला. मला बरं वाटलं.

मग मुद्दाम एक निळ्या खुणेचा नॅपकिन ढिगावर ठेवला, पाणी आणते म्हणून उठले आणि दाराआडून बघत राहिले. त्यांनी तो घेतला. चाचपला. दोन्ही हातांत धरून कितीतरी वेळ नुसत्या बसून राहिल्या. स्वयंपाकघराकडे एकदा बघितलं. मग कात्री.

चोरी करणाऱ्या माणसाला एवढा वेळ लागतो? लागत असेल. मला अनुभव नाही.

२० फेब्रुवारी, गुरुवार

त्या आल्या. मी बोलले नाही. त्यांनी दोनदा विचारलं, बरं नाही का? डोकं दुखतंय म्हटलं. दुखत नव्हतं.

२३ फेब्रुवारी, रविवार

आज झालं एकदाचं. भावजी आणि जाऊबाई दोघेही आले होते. सगळे पुढच्या खोलीत. मी ट्रंक उघडली, टेबलक्लॉथ आणि अभ्रा आणून जाऊबाईंच्या मांडीवर ठेवला. कोपरा उलटा करून.

म्हटलं, "उशी भरून झाली का?"

जाऊबाई त्या टाक्यांकडे बघत राहिल्या. भावजींनी विचारलं, काय प्रकार आहे? मी सांगितलं. सगळं. दोरा, किल्ल्या, पोतं, पर्स. आवाज चढला होता माझा. शेवटी म्हटलं, "आईंनी एवढं एकच माझ्यासाठी ठेवलं होतं. एवढं एकच! तेही तुम्हाला बघवलं नाही?"

मला वाटलं, आता नाकारतील. मी तयारीत होते.

"तुला असं वाटलं?" असं विचारलं त्यांनी. अगदी हळू. "आईंनी तुझ्यासाठी ठेवलं म्हणून?"

"मग काय तर!"

त्या माझ्याकडे बघत होत्या, मी जमिनीकडे. मग म्हणाल्या, "हो. मोह झाला मला. उद्या आणून देते."

भावजींचा चेहरा बघवत नव्हता. बायकोला एक शब्द न बोलता ते चपला घालून निघून गेले. जाऊबाई एकट्या चालत गेल्या. हे मला म्हणाले, जिंकलीस, आता तरी पोटभर जेव.

जेवण गेलं नाही. पण जिंकले हे खरं.

२४ फेब्रुवारी, सोमवार

बिस्किटांच्या डब्यात भरून कोपरे आले. एकोणतीस, सगळे निळे. माझ्याकडचे दोन धरून एकतीस. म्हणाल्या, "दोन नको, एकच गोधडी कर. तुझी. मला नको काही."

डबा दिला आणि दारातूनच परतल्या.

एकतीस! एकतीस वेळा त्या म्हातारीला माझी आठवण झाली होती.

२६ फेब्रुवारी, बुधवार

डोक्यात एक किडा शिरलाय. इतक्या सहज कशा मानल्या? जाऊबाई म्हणजे लॉन्ड्रीवालीशी एका नॅपकिनासाठी अर्धा तास वाद घालणाऱ्या. कधी माघार नाही. आणि इथे दोन मिनिटांत "मोह झाला"?

मोठं काहीतरी दडवायचं असेल तरच माणूस छोटं कबूल करतं.

आणि मग लख्ख आठवलं — ते पहिलं पोतं! घरून कापून आणलेलं. त्यातला एकही कोपरा डब्यात नाही. हे एकोणतीस फक्त इथे कापलेले.

२७ फेब्रुवारी, गुरुवार

फोन केला. पहिल्या पोत्यातले कोपरे कुठे? म्हणाल्या, ते टाकले. कुठे टाकले? टाकले गं. कधी?

फोन ठेवून दिला त्यांनी.

म्हणजे त्या पोत्यात याहून भारी काही होतं. एखाद्या कोपऱ्यावर नावच असेल भरलेलं. ताकास तूर लागू द्यायच्या नाहीत त्या.

३ मार्च, सोमवार

मांडणी ठरली. एकतीस निळे कोपरे मधोमध. टाके आतल्या बाजूला होते, मी ते वर घेतलेत — सगळ्यांना दिसू देत! भोवती पलंगपोसाच्या पट्ट्या, मग टेबलक्लॉथची किनार, बाहेर अभ्रे. अस्तराला त्यांची जुनी चादर, ती मधून जोडलेली.

ह्यांच्याकडून कळलं की भावजी जाऊबाईंशी बोलत नाहीत. आठ दिवस झाले. आईच्या कपाटातली चोरी, तीही आपल्या बायकोने — त्यांच्या मनाला फार लागलंय. ऐकून वाईट वाटायला हवं होतं. खरं सांगते, वाटलं नाही.

६ मार्च, गुरुवार

मी न बोलावता जाऊबाई आल्या. म्हणाल्या, "थर जुळवायला दोघी लागतात, एकटीच्याने सुरकुत्या राहतात." ते खरंच होतं. सकाळपासून तीनदा अंथरून तीनदा काढलं होतं मी.

फरशीवर अस्तर, त्यावर जुनं ब्लँकेट, त्यावर जोडकाम. दोघी दोन टोकांना गुडघ्यांवर. मधला भाग बघून त्या थबकल्या.

"हे मधेच लावतेस?"

"हो. मधेच."

"बाजूच्या पट्टीत घेतलं असतंस तर —"

"का?"

"काही नाही. छान दिसतंय." आणि सुईत दोरा ओवायला घेतला.

काय खुपलं असेल ते मला बरोबर कळलं! चारचौघांत रोज दिसणार ना आता.

१० मार्च, सोमवार

रोज येतात. दोघी मिळून धावदोरा घालतो, मधून बाहेर. बोलणं बेताचं. त्या गेल्या की मी त्यांचे टाके तपासते. ओढून बघते. एखादा मुद्दाम सैल सोडला असेल, धुताना उसवेल असा. आज दीड तास तपासले. बारीक, एकसारखे, घट्ट. माझ्यापेक्षा चांगले.

सैल टाका सापडावा असं मला वाटत होतं. हे काही बरं लक्षण नाही.

जाताना विचारलं, भावजी बोलतात का? म्हणाल्या, बोलतील. थकलेल्या दिसल्या.

१५ मार्च, शनिवार

झाली! पलंगावर अंथरली आणि दाराशी उभी राहून बघितली. मधे निळे टाके, एकतीस ठिकाणी, अगदी रांगेत नाहीत पण त्यामुळेच बरे दिसतात. हे सुद्धा उठून बघायला आले. म्हणाले, आईला आवडली असती.

लेकीला फोटो पाठवला. आजीने मला काय काय ठेवलं होतं ते सगळं लिहिलं खाली. मावशांनाही पाठवला. जाऊबाईंबद्दलही लिहिलं. लिहायला नको होतं की काय — पण गेलं.

सोमवारी लॉन्ड्रीत वाफेची इस्त्री करून आणते.

१७ मार्च, सोमवार

लॉन्ड्रीवालीने काउंटरवर गोधडी पसरली. आमच्या घरचे गठ्ठे तिने पंचवीस वर्षं धुतले, सासूबाईंशी तिची चांगली ओळख. चष्मा लावून मधला भाग बघायला लागली आणि तिला हसूच आलं.

"अहो ताई, डागाचे कोपरे एवढे निवडून निवडून मधे घेतलेत?"

म्हटलं, डागाचे कसले? सासूबाईंची खूण आहे ती. माझी.

"तुमचीच की. निळी तुमची, लाल थोरल्या बाईंची. कपडा बिघडला की घालायच्या तुमच्या सासूबाई. गठ्ठा देताना थोरल्या बाईंना कोपरा उलटून दाखवायला सांगायच्या, हा डाग आमच्या घरातला आहे, तुझ्यावर आळ नाही. निळा म्हणजे धाकटीच्या हातून, लाल म्हणजे थोरलीच्या. चांगल्या कपड्यांनाच घालायच्या हां, रोजच्याला नाही. फार शिस्तीच्या बाई."

गोधडी तिथेच ठेवून आले.

पलंगपोस — फोन वाजला, मी इस्त्री तशीच सोडून धावले होते. अभ्रा — कपाटाच्या खिळ्याला अडकून फाटला. मोठा टेबलक्लॉथ — मीच औषध सांडलं होतं, किनारीलगत, आणि कुणाला सांगितलं नव्हतं. त्यांना कळलं होतं. सगळं कळत होतं. नुसतं बघायच्या, आणि मग सुई घेऊन बसायच्या.

एकतीस. मी ते मधोमध लावले. टाके वर करून. मावशांना फोटो पाठवले.

आणि जाऊबाई शेजारी बसून ते शिवत होत्या. त्या दिवशी एक वाक्य बोलल्या असत्या तर सुटल्या असत्या. नवरा अबोला धरून बसला, तरी नाही बोलल्या.

१८ मार्च, मंगळवार

सकाळीच त्यांच्याकडे गेले. भावजींना बसवून सगळं सांगितलं. निळा म्हणजे काय ते, आणि जाऊबाईंनी काही चोरलं नव्हतं तेही. जाऊबाई दोनदा म्हणाल्या, पुरे गं. मी पुरं केलं नाही. भावजी त्यांच्याजवळ जाऊन बसले.

निघताना दारात विचारलं, "आणि ते पहिलं पोतं?"

जाऊबाईंनी मागे वळून बघितलं, भावजी ऐकत नाहीत ना म्हणून. "त्यात माझे लाल होते. तू बघू नयेस म्हणून घरी नेऊन कापले आणि जाळून टाकले. मग खालच्या खणात तुझे निघाले. ते तुला दिसू द्यावेत असं वाटेना."

"लाल किती होते?"

"चव्वेचाळीस."

माझे एकतीस.